आखूड नळीची बंदूक

मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ च्या पहाटे गोळीबार झाला. आझाद दस्त्याचे नेते विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील तेथे हुतात्मा झाले. दरवर्षी त्या पहाटे माणसे सिद्धगडाला जमतात; त्यांत शाळेची मुलेही असतात. तेथे उभे राहिले की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. समोर कातळाची भिंत, बाजूला सह्याद्रीचे कडे. कुणी मोठ्याने हाक मारली, की ती दोन-तीन बाजूंनी परत येते. मग एखादा चौकस मुलगा विचारतोच : इतक्या दाट झाडीत, अर्धवट उजेडात, सगळीकडून प्रतिध्वनी येत असताना गोळी कोठून आली हे माणसाला कळत तरी कसे असेल?

हा प्रश्न विज्ञानाच्या तासाला घेण्याजोगा आहे. त्याच्या पोटात ध्वनी, उष्णता, दाब, संवेग आणि थोडे रसायनशास्त्रही आहे. आणि त्याच सुमारास अनेक मराठी सैनिकांना तो अगदी जिवावरच्या प्रसंगी पडला होता.

सिद्धगडावर हे घडले तेव्हा जपानी सैन्य ब्रह्मदेशात येऊन बसले होते. रंगून ८ मार्च १९४२ रोजी पडले होते. आझाद दस्त्याने विजेच्या तारांचे मनोरे पाडले ते मुंबईकडे जाणारी वीज तोडण्यासाठी. मुंबईच्या गिरण्या-कारखान्यांत युद्धाला लागणारा माल तयार होत होता, म्हणजे या रानातल्या मनोऱ्याचा आणि ब्रह्मदेशाच्या सरहद्दीचा संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा होता. पुढे मार्च १९४४ मध्ये जपानी फौजा मणिपुरात शिरल्या. उख्रुलच्या दक्षिणेला सांगशाक नावाचे डोंगरावरचे गाव आहे. तेथे २२ ते २६ मार्च या काळात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण ५० व्या छत्री ब्रिगेडबरोबर लढली. पाण्याची टंचाई, खडकाळ जमीन, भोवती जंगल. आणि समोर मुख्यतः जपानच्या ३१ व्या डिव्हिजनची ५८ वी रेजिमेंट. तेथे सैनिकांना प्रत्येक गोळीमागे तोच प्रश्न होता : आली कोठून?

ब्रह्मदेशातल्या जपानी सैन्याजवळ दोन जातींच्या रायफली होत्या. एक ७.७ मिलिमीटरची, १९३९ सालच्या आराखड्याची. दुसरी जुनी, ६.५ मिलिमीटरची. या जुनीला ‘३८ नमुना’ म्हणत. मेइजी सम्राटाच्या कारकिर्दीचे ३८ वे वर्ष म्हणजे इ. स. १९०५, त्यावरून हे नाव पडले. नारिआकिरा अरिसाका या अधिकाऱ्याच्या आधीच्या रायफलीत किजिरो नाम्बू यांनी सुधारणा करून ती तयार केली. म्हणून सर्रास तिला ‘अरिसाका’च म्हटले जाते. तिचेच धाकटे भावंड म्हणजे ३८ नमुन्याची कार्बाइन. कार्बाइन म्हणजे दुसरे काही नाही, आखूड नळीची रायफल. घोडदळ, तोफखाना, सुरुंगवाले, संदेश पाठवणारे, रसद वाहणारे अशा लोकांसाठी ती होती. त्यांचे मुख्य काम वेगळे. बंदूक पाठीवर अडकवायची आणि वेळ आली तरच काढायची. लांब रायफल जवळजवळ १२८ सेंटिमीटर, म्हणजे संगीन लावली की बहुतेक जपानी शिपायांच्या डोक्याच्या वर जाई. कार्बाइन मात्र सुमारे ९७ सेंटिमीटरची आणि साधारण ३.३ किलोग्रॅम वजनाची. आज जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांत हीच जास्त आवडती आहे.

दाराचा बोल्ट आणि बंदुकीचा बोल्ट

आपल्या दाराला आडवा सरकता बोल्ट असतो. मूठ वर उचलायची, मागे ओढायची, दार उघडते. पुढे ढकलून मूठ खाली पाडली, की दार पक्के. या बंदुकीचा बोल्ट नेमका तसाच चालतो. मूठ वर उचलून मागे ओढली, की रिकामे पुंगळे बाहेर फेकले जाते. पुढे ढकलताना तो पेटीतल्या पाच काडतुसांपैकी वरचे एक नळीच्या मागच्या कोठीत सारतो. मूठ खाली दाबली, की बोल्टच्या पुढच्या टोकाचे दोन दाते चौकटीतल्या खाचांत अडकतात.

या दोन दात्यांवर सगळी भिस्त आहे. दारू पेटल्यावर कोठीतला दाब क्षणभर सुमारे तीन हजार वातावरणांपर्यंत चढतो. काडतुसाच्या बुडाचे आतले क्षेत्रफळ पाऊण चौरस सेंटिमीटरच्या आत-बाहेर असते. विद्यार्थ्यांना गुणाकार करू द्यावा. बोल्टला मागे ढकलणारे बल जवळपास दोन टन वजनाइतके येते. हे दाते तुटले तर बोल्ट कोठे जाईल? नेमबाजाचा डोळा त्याच्या थेट मागे असतो. म्हणून कोठीच्या वर दोन बारीक भोकेही ठेवलेली आहेत. काडतूस फुटलेच तर वायूला तेथून वर वाट मिळावी. अमेरिकेतल्या पी. ओ. अ‍ॅक्ली या बंदूक-कारागिराने महायुद्धानंतर निरनिराळ्या लष्करी रायफलींमध्ये मुद्दाम दारू वाढवत नेऊन त्या फुटेपर्यंत चाचणी घेतली. तोपर्यंत स्वस्त आणि ओबडधोबड म्हणून हिणवल्या गेलेल्या या ३८ नमुन्याचीच चौकट सर्वांत टणक निघाली.

नळी कापली तर काय जाते?

आता मुख्य हिशेब. लांब रायफलीची नळी ७९.७ सेंटिमीटर, कार्बाइनची ४८.७. काडतूस दोन्हींत एकच : ९ ग्रॅमची गोळी आणि तिच्यामागे सुमारे २.१ ग्रॅम दारू. लांब नळीतून गोळी दर सेकंदाला सुमारे ७६२ मीटर वेगाने बाहेर पडते. आखूड नळीचा वेग आपण ७०० धरू.

नळी ३१ सेंटिमीटरने, म्हणजे जवळजवळ ३९ टक्क्यांनी आखूड झाली. वेग मात्र फक्त ८ टक्क्यांनी उतरला. मुलांना हे पटत नाही; नळी इतकी कापली तर वेगही तितकाच जायला हवा, असे त्यांना वाटते. गतिज ऊर्जा काढून पाहू. लांब नळीतून निघालेल्या गोळीची ऊर्जा सुमारे २६१३ ज्यूल, आखूड नळीतून निघालेलीची २२०५ ज्यूल. फरक ४०८ ज्यूल. म्हणजे शेवटच्या ३१ सेंटिमीटरमध्ये वायूने गोळीवर ४०८ ज्यूल कार्य केले असते. कार्य भागिले अंतर म्हणजे सरासरी बल : सुमारे १३०० न्यूटन. आधीच्या ४८.७ सेंटिमीटरमध्ये हेच सरासरी बल ४५०० न्यूटनच्या वर होते. वायू प्रसरण पावत जातो तसा त्याचा दाब झपाट्याने उतरतो, आणि नळीचा पुढचा भाग कमी-कमी उपयोगाचा होत जातो.

पण ‘कमी’ म्हणजे किती? गोळीचे आडवे क्षेत्रफळ सुमारे ०.३४ चौरस सेंटिमीटर. १३०० न्यूटनला त्याने भागले तर दाब येतो ३८० वातावरणांच्या घरात. घर्षण आपण सोडून दिले आहे, तेव्हा आकडा ढोबळ आहे. प्रेशर कुकर शिटी देतो तेव्हा त्याच्या आत बाहेरच्यापेक्षा जेमतेम एका वातावरणाने जास्त दाब असतो, हे लक्षात ठेवावे. कार्बाइनच्या नळीच्या तोंडाशी गोळी पोचते तेव्हा तिच्यामागे याहूनही जास्त दाबाचा तापलेला वायू असतो, कारण ३८० ही पुढच्या साऱ्या टप्प्याची सरासरी आहे. गोळी बूच निघावे तशी निघते आणि हा सगळा वायू एकदम हवेत फुटतो. जे ४०८ ज्यूल गोळीला मिळाले नाहीत, ते येथे आवाज, झोत आणि उजेड यांत जातात.

उजेडाची गोष्ट थोडी निराळी आहे. बंदुकीची बिनधुराची दारू मुख्यतः नायट्रोसेल्युलोजची असते. तिच्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो, पण पुरेसा नसतो. त्यामुळे ती जळून निघालेल्या वायूत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन बरेच उरतात. दोन्ही ज्वलनशील. हे गरम वायू नळीबाहेर येऊन हवेतल्या ऑक्सिजनला मिळाले, की पुन्हा पेटतात. बंदुकीच्या तोंडाशी दिसणारी मोठी ज्वाळा ही बरीचशी या दुसऱ्या ज्वलनाची असते. वायू नळीत जितका निवेल तितकी ती ज्वाळा लहान.

सांगशाकच्या मराठी सैनिकाला अडचण झाली ती येथे. त्याच्या हातातल्या .३०३ रायफलीची गोळी ११.३ ग्रॅमची, दारू जास्त आणि नळी ६४ सेंटिमीटरची. लांब अरिसाकात दारू कमी आणि नळी ८० सेंटिमीटर. तिच्या वायूला निवायला भरपूर वाव. जंगलाच्या सावलीतून झाडलेल्या या रायफलीची ज्वाळा जवळजवळ दिसत नसे आणि आवाजही बोथट वाटे. कार्बाइनने मात्र हा फायदा पार गमावला. संध्याकाळच्या वेळी तिच्या तोंडाशी चांगला मोठा लोळ दिसतो. आज तिच्याने नेम साधणारे हौशी लोक कानात बोळे घालूनही तिच्या आवाजाची तक्रार करतात, ती उगाच नव्हे.

डोळ्याने नाही तर कानाने

ज्वाळा दिसत नसेल तर कानाचा भरवसा. पण कान येथे फसतो, आणि फसतो तो ठरावीक नियमाने.

गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असते. थंडीच्या सकाळी हवेतला ध्वनिवेग सेकंदाला ३४० मीटर धरू. वेगाने जाणारी होडी पाण्यात मागे पाचरीसारखी लाट सोडते, तशी गोळी हवेत शंकूच्या आकाराची दाबलहर मागे सोडत जाते. ती लहर आपल्याला ओलांडते तेव्हा चाबूक ओढल्यासारखा ‘टच्च’ आवाज येतो. बंदुकीच्या तोंडाचा ‘धप्प’ आवाज आपल्या ध्वनिवेगाने मागाहून पोचतो. म्हणजे एका गोळीचे आवाज दोन. सैनिकांना शिकवले जाई की पहिला सोडा, दुसरा ऐका.

पहिला का सोडायचा? कारण ती शंकूची लहर आपल्याकडे गोळीच्या मार्गाला तिरपी येते. गोळीचा वेग ६०० असेल तर शंकूचा अर्धकोन सुमारे साडेचौतीस अंश येतो. त्याची ज्या म्हणजे ३४० भागिले ६००. लहर शंकूच्या पृष्ठाला लंब दिशेने सरकते, म्हणजे गोळीच्या रेषेशी साधारण ५५ अंश करून. गोळी आपल्या उजवीकडून गेली, तर कान सांगतो ‘उजवीकडून आली’, आणि बंदूकवाला असतो जवळजवळ समोर. नवखा शिपाई भलत्याच झाडाकडे तोंड करून बसतो.

दोन आवाजांतल्या वेळावरून अंतर निघते. कार्बाइन ३०० मीटरवर असेल तर गोळीला अर्धा सेकंद लागेल आणि ध्वनीला ०.८८ सेकंद. फरक ०.३८. शंभर मीटरवर हाच फरक ०.१५ सेकंदाच्या आत येतो आणि दोन आवाज जवळजवळ चिकटतात. हे झाले मोकळ्या माळावरचे. सिद्धगडासारख्या ठिकाणी ‘धप्प’ आवाजाचे कड्यावरून आलेले प्रतिध्वनी त्याच्यात मिसळतात. कडा १७० मीटरवर असेल, तर आपल्या हाकेचा प्रतिध्वनी बरोबर एका सेकंदाने येतो. ८५ मीटरवर असेल तर अर्ध्याने. तिसरा, चौथा आवाज खरा कोणता आणि परतलेला कोणता, हे ठरवायला सरावलेला कानही चाचपडतो. त्या पहाटे रानात असलेल्यांच्या कानांवर काय पडले असेल, याची यावरून थोडी कल्पना करता येते.

शाळेत याचा प्रयोग करायला बंदूक कशाला हवी? सिद्धगडचे रान आता भीमाशंकर अभयारण्यात आहे, तेव्हा तेथे फटाकेही नकोतच. दोन लाकडी फळ्या एकमेकींवर आपटून शाळेच्या लांब भिंतीचा प्रतिध्वनी ऐकावा. प्रतिध्वनी येताक्षणी पुन्हा आपटत जावे, वीस टाळ्यांचा वेळ मोजावा आणि ध्वनिवेग काढावा. आकडा ३३० ते ३६० च्या मध्ये आला, तर शाबासकी द्यावी.

खांद्याचा धक्का

आपल्या पुस्तकांत बंदुकीच्या मागे येण्याचे गणित हमखास असते, आणि ते हमखास अपुरे असते. गोळीचा संवेग बंदुकीच्या वस्तुमानाने भागायचा, एवढेच त्यात सांगतात. कार्बाइनसाठी तसे केले तर ०.००९ गुणिले ७०० भागिले ३.३, म्हणजे सेकंदाला १.९ मीटर येते. पण २.१ ग्रॅम दारूचा वायूही पुढेच जातो, आणि तो गोळीपेक्षा कितीतरी वेगाने, सरासरी १२०० मीटरच्या आसपास. त्याचा संवेग मिळवला की बंदुकीचा मागे येण्याचा वेग २.७ च्या जवळ जातो. एकूण संवेगात सुमारे तीन-दशांश वाटा वायूचा! गणित करताना हा वाटा सोडायचा असेल तर तसे निदान लिहावे. ऊर्जेच्या भाषेत हा धक्का सुमारे १२ ज्यूल, म्हणजे एक किलोचे वजन सव्वा मीटरवरून पडल्याइतका. .३०३ चा याहून बराच जास्त असतो. या सौम्यपणामुळेच रशियात फ्योदोरोव्ह यांनी पहिल्या महायुद्धात आपल्या स्वयंचलित रायफलीसाठी हे जपानी काडतूस घेतले होते.

संग्राहक काय पाहतो?

जुनी बंदूक गोळा करणाऱ्याला तिच्यावरच्या खुणा वाचता आल्या पाहिजेत. जपानी बंदुकीच्या कोठीवर सोळा पाकळ्यांचे शेवंतीचे फूल कोरलेले असे. ते सम्राटाचे चिन्ह. बंदूक सम्राटाची, शिपायाची नव्हे, असा त्याचा अर्थ. १९४५ मध्ये शरणागतीनंतर जी शस्त्रे खाली ठेवली गेली, त्यांतल्या पुष्कळांवरचे हे फूल कानशीने घासून टाकलेले आहे. रणांगणावर हाती लागलेल्या बंदुकीवर ते बहुधा शाबूत असते. म्हणून फूल असलेल्या बंदुकीला संग्राहक जास्त मोल देतात. फुलाखाली चिनी-जपानी लिपीत ‘३८ नमुना’ अशी अक्षरे असतात, डाव्या बाजूला क्रमांक आणि कारखान्याची खूण. बोल्टवर चिखल-धूळ बसू नये म्हणून पत्र्याचे सरकते झाकण होते. ते खडखड वाजे, म्हणून शिपाई ते काढून टाकत. ते आजवर टिकले असेल तर संग्राहक खूश.

लाकडी दस्ता एका तुकड्याचा नसतो, हे मला या बंदुकीतले सर्वांत हुशारीचे काम वाटते. मागच्या रुंद भागाचा खालचा तुकडा वेगळा घेऊन सुताराच्या खोबणीच्या सांध्याने जोडलेला असतो. त्यामुळे अरुंद फळीतून दस्ता निघतो आणि लाकडाच्या रेषेतून तो सहज चिरत नाही. अनेकांना ही दुरुस्ती वाटते. ती मूळचीच आहे.

अशी बंदूक आजही झाडता येते. अमेरिकेत ती झाडणारे बरेच आहेत. स्वीडनची नॉर्मा कंपनी तिची काडतुसे बनवत आली आहे. पण तेथे दोन धोके आहेत. जपानी शाळा-कॉलेजांतल्या लष्करी कवायतीसाठी हुबेहूब अशाच दिसणाऱ्या बंदुका बनवल्या होत्या. त्यांची चौकट बिडाची, नळीत पीळ नाही, आणि त्या फक्त बिनगोळीच्या काडतुसांसाठी होत्या. त्यांत खरे काडतूस घातले तर बंदूक हातात फुटते. अ‍ॅक्लीने मजबूत ठरवलेली ती हीच, असे समजून कुणी चाप ओढला तर काय होईल? खऱ्या बंदुकीची नळी आतून पाहिली तर खाचा दिसतात, सुमारे २० सेंटिमीटरला एक वेढा घेणाऱ्या. त्यांच्यामुळे ७०० मीटर वेगाची गोळी सेकंदाला ३५०० गिरक्या घेत जाते आणि भोवऱ्यासारखी सरळ राहते.

दुसरा धोका गंजाचा, आणि तो आपल्याकडच्या सर्व जुन्या काडतुसांना लागू आहे. त्या काळच्या काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते फुटले की पोटॅशियम क्लोराइड उरते आणि नळीभर चिकटते. ते मिठाचेच भावंड. दमट हवेत पाणी धरते आणि पोलाद खायला लागते. पुष्कळांनी नळीला तेल चोपडून बंदूक ठेवून दिली आणि महिन्याभरात आत तांबडा गंज सापडला. तेलात क्षार विरघळत नाही. उपाय अगदी साधा : आधी नळीतून कढत पाणी ओतायचे, पुसून कोरडे करायचे, मग तेल. कोकणातल्या ठासणीच्या बंदुका बाळगणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, कारण काळ्या दारूची राखही पाण्यानेच जाते. वर्गात दोन लोखंडी खिळे घ्यावेत, दोन्हींवर क्षाराचे पाणी वाळवावे. एकाला नुसते तेल, दुसरा धुऊन मग तेल. जुलैच्या हवेत आठवडाभरात फरक दिसतो.

आपल्या देशात अशी बंदूक हौस म्हणून माळ्यावर ठेवता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रे बाळगता येतात. पुरातन किंवा मोडके शस्त्र कायद्याच्या बाहेर राहते ते फक्त दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच. ते ठरवण्याचे काम आपले नाही. जुन्या वाड्यात, शेतात किंवा आजोबांच्या पेटीत नळी अथवा न फुटलेले काडतूस सापडले, तर त्याला हात न लावता पोलीस ठाण्याला कळवावे. ऐंशी वर्षांचे काडतूसही पेट घेऊ शकते. पितळ हिरवे पडले म्हणून आतली दारू मेली असे होत नाही.